चालकाचा रकाना

तीन कंपन्यांची यंत्रं एकाच शेतात आणली की काय होतं, ते मला विचारा. आमचा ट्रॅक्टर लाल, पेरणी यंत्र हिरवं, कापणी यंत्र पिवळं आणि नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर चौथ्याच कंपनीचं. चौघांचा आपसात छत्तीसचा आकडा. एकाची फाइल दुसऱ्याला उघडत नाही, आणि उघडली तर अर्धी माहिती वाटेत सांडते. विकताना मात्र सगळे हसून सांगतात, "सर, आमचं सगळ्यांशी जुळतं." जुळतं डोंबल!

म्हणून मी एक दुभाषा प्रोग्रॅम लिहिला होता. यंत्रांच्या फायली एका बाजूनं आत जायच्या आणि चौथ्या सॉफ्टवेअरला कळतील अशा होऊन बाहेर यायच्या. कुठलं शेत, कुठलं यंत्र, किती बी, चालक कोण. आमचं धान्य घेणाऱ्या कंपनीला हे सगळं लागतं. ज्या माहितीसाठी पलीकडे रकानाच नसतो ती मी शेऱ्यात कोंबायचो. आमच्या धंद्यात सगळेच तसं करतात. कुठेच बसत नाही ना, टाक शेऱ्यात.

घरात आम्ही तिघं. दादा, वहिनी आणि मी. दादा यंत्रं चालवायचा, वहिनीही अधूनमधून चालवायची, आणि मी शेडला लागून असलेल्या खोलीत बसून कंपन्यांच्या नावानं बोटं मोडायचो. दादा ताडमाड उंच. ट्रॅक्टरची सीट शेवटपर्यंत मागे ढकलल्याशिवाय त्याचे गुडघे मावायचे नाहीत. त्याच्यानंतर वहिनी चढली की तिचे पाय पेडलला पोचायचे नाहीत, मग तिची कटकट सुरू. "उतरताना सीट पुढे करायला काय हात दुखतात का हो?" दादाला त्यात मजा वाटायची. मुद्दाम तशीच ठेवायचा.

पेरणीच्या दिवसांत एका सकाळी मी नोंदी बघत होतो. ओढ्याकडचं शेत दादानं आदल्या दिवशी पेरलं होतं. शेत दिसत होतं, बी दिसत होतं, चालकाचा रकाना कोरा. त्याच शेतात वहिनीनं थोडा वेळ ट्रॅक्टर चालवला होता, तिचं नाव व्यवस्थित आलेलं. म्हटलं, झालं, आपल्याच प्रोग्रॅमनं माती खाल्ली.

प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. चूक सापडेना. मग यंत्रांतल्या मूळ फायली उघडल्या, ज्यांना माझा हातही लागला नव्हता. लाल ट्रॅक्टरमध्ये कोरं. हिरव्या पेरणी यंत्रात कोरं. गेल्या हंगामातल्या पिवळ्याच्या फायली काढल्या, त्यातही दादाच्या जागी काही नाही. या यंत्रांचं साध्या बांधावरही कधी एकमत होत नाही. एकाची हद्द दुसऱ्याच्या हद्दीपेक्षा हातभर सरकलेली असते. इथे मात्र तिघांचं तंतोतंत जुळलं होतं. मला ते अजिबात आवडलं नाही.

"दादा, तुझं नाव कुठेच येत नाहीये," मी जेवताना म्हटलं.

"राबायचं मी आणि नाव कुणाचंच नाही. छान आहे तुझं सॉफ्टवेअर," तो हसला.

वहिनी ताटं मांडत होती. दोन मांडून ती बसलीसुद्धा. मग एकदम जीभ चावून उठली आणि तिसरं घेऊन आली.

"घ्या, आता घरातूनही नाव कापलं," दादा म्हणाला. आम्ही तिघंही हसलो.

पुढच्याच आठवड्यात ट्रॅक्टर अडला. सीटखाली एक बटण असतं. माणूस सीटवरून उठला की इंजिन आपोआप बंद पडतं, अपघात होऊ नये म्हणून. दादा सीटवर बसलेला होता आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली होती, 'चालक सीटवर नाही'. तो उठून दाणकन बसला. परत बसला. "अरे, एवढा मोठा माणूस दिसत नाही का तुला?" तो स्क्रीनवर ओरडला.

मेकॅनिक आला. त्यानं बटण बदललं, स्वतः बसून बघितलं, इंजिन चालू. मला बसवलं, चालू. दादा बसला, बंद. मेकॅनिकनं वायरी पुन्हा हलवल्या, हात पुसले आणि मला म्हणाला, "आता काही अडचण नाही. चालवणार कोण, तुम्हीच का?"

"मी चालवणार," दादा म्हणाला. तो मेकॅनिकच्या शेजारीच उभा होता.

मेकॅनिक माझ्याकडे बघत राहिला. उत्तराची वाट बघत.

दुपारी दादा माझ्या खोलीत आला. खुर्ची ओढून बसला आणि आपले हात उलटेसुलटे करून बघू लागला. मला भीती वाटली, खरीखुरी, लहानपणी वाटायची तशी.

"मला त्यात घाल," तो म्हणाला.

"कशात?"

"कशातही. तुझ्या त्या शेऱ्यात घाल. काहीही कर, पण घाल."

मी घातला. त्याचं पूर्ण नाव लिहिलं. उंची लिहिली. सायकलवरून पडल्यावर कपाळावर राहिलेली खूण लिहिली. शेवटी लिहिलं, वहिनीचा नवरा, माझा मोठा भाऊ. चारही ठिकाणी साठवलं. दादानं माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं आणि पाठीवर थाप मारली. हात थंडगार होता.

शेऱ्याचा रकाना प्रत्येक कंपनीचा वेगळ्या लांबीचा असतो. कुठे मजकूर जास्त झाला तर उरलेला कापला जातो, आणि कुणी तसं सांगतही नाही. हे मला माहीत होतं. रोज त्यावरून शिव्या घालणारा मी, त्या दुपारी विसरलो.

सकाळी मी चहा घेत होतो. दादा आंघोळ करून, खांद्यावर टॉवेल टाकून स्वयंपाकघराच्या दारात आला.

वहिनीनं वर पाहिलं. पदर नीट केला.

"भाऊजी, तुमच्याकडे कुणीतरी आलंय," ती म्हणाली.

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

"परत लिही," तो म्हणाला. "लवकर लिही रे."

मी खोलीकडे धावलो. चारही ठिकाणी शेवटचे शब्द गेले होते. नवरा नाही, भाऊ नाही. मी नातं पहिलं लिहिलं, बाकी सगळं नंतर. साठवलं.

"झालं बघ, दादा!"

मागे वळलो. दारात फक्त टॉवेल पडला होता.

स्क्रीनकडे पाहिलं. रकाना कोरा.

मी शेड पाहिली, ओढ्यापर्यंत गेलो, घसा बसेस्तोवर हाका मारल्या. वहिनी बांधावर येऊन विचारत होती, "काय हरवलंय? मी शोधू लागू का?"

आता कापणी संपत आलीये. मी चालवतो, वहिनी चालवते, नोंदी बिनचूक येतात. मी अजूनही रोज त्याला शेऱ्यात लिहितो. रोज तो रकाना कोरा होतो.

काल संध्याकाळी वहिनी ट्रॅक्टरवर चढली आणि वैतागली. "भाऊजी, ही सीट एवढी मागे तुम्ही ढकलता का? पाय कुठे पोचतायत माझे?" तिनं दांडा ओढून सीट पुढे घेतली. मग चावी फिरवता फिरवता थांबली.

"एक विचारू? मी तुम्हाला भाऊजी का म्हणते हो?"

"दादामुळे," मी म्हणालो.

ती उत्तराची वाट बघत राहिली, मेकॅनिकसारखीच. नंतर समजूत घातल्यासारखं "बरं" म्हणाली आणि निघून गेली. मला रडू आलं.

परत आल्यावर ट्रॅक्टर तिनंच शेडमध्ये लावला, सीट पुढे ठेवून. कुलूप मी लावलं. किल्ली उशाशी घेऊन झोपलो.

आज सकाळी कुलूप काढलं. सीट शेवटपर्यंत मागे होती. मी तिच्यावर हात ठेवला. ऊबदार होती. स्क्रीन चालू होती आणि लाल अक्षरं उघडझाप करत होती, 'चालक सीटवर नाही'.