कुंकवावरचा आळ

"काका, वायरीत कुंकू गेलंय. महांतेशनंच लावलं, मी पाहिलं," हर्षिता म्हणाली, आणि जयनगरातल्या त्या छोट्या कॉम्प्युटर क्लासातले सगळे महांतेशकडे वळले.

आदल्या दिवशी आयुधपूजेत मुलांनी मशीनना कुंकू लावलं होतं. मशीनवर झेंडू अजून ताजे होते. संध्याकाळी पालक यायचे होते आणि एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर निरोप कसा जातो ते पाहायचे होते. पण क्लास चालवणाऱ्या अरविंदकाकांचा निरोपाचा प्रोग्राम सुरू व्हायचा आणि काही न बोलता बंद पडायचा.

काका मुळातच तापट. "सरी, ठीक आहे," ते महांतेशला म्हणाले, "उद्यापासून क्लासला यायचं नाही."

"वरच्या वरच लावलं हो काका. आत न्हाई गेलं," महांतेश पुटपुटला. तो बेळगावकडचा, आता आनेकलहून बसनं यायचा. दप्तर उचलून तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. काका तणतणत मिठाई आणायला गेले.

"तू खरंच पाहिलंस?" हर्षिताच्या चुलतभावानं, विराजनं विचारलं.

"कुंकवाची वाटी होती त्याच्या हातात."

"वाटी माझ्याही हातात होती. मग माझं नाव का नाही घेतलंस?"

हर्षिताचे कान तापले. तिनं पाहिली होती फक्त वाटी. काकांसमोर हुशारी दाखवायच्या नादात चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती. तिला स्वतःची लाज वाटली. पायरीवर जाऊन ती खाली मान घालून म्हणाली, "आत ये. शोधू या."

या मशीनना हार्ड डिस्क नव्हती. सगळा कारभार एका फ्लॉपीवर, म्हणून तिच्यावर अगदी गरजेपुरतंच ठेवलेलं. विराजनं खणातून जुनी फ्लॉपी काढून नवीच्या जागी घातली, आणि निरोप झटकन पलीकडे गेला!

"कुंकू तेच, वायर तीच," विराज म्हणाला. "म्हणजे खोट नव्या फ्लॉपीत आहे."

महांतेशनं दोन्ही फ्लॉप्या ताडून पाहिल्या. नवीवर एक चिमुकली फाइल नव्हती. दोन्ही मशीनचे पत्ते तिच्यात होते.

"ती होय?" दारातून काकांचा आवाज आला. हातात मिठाईचा पुडा तसाच. "पूजेआधी कपाटं झाडली, तशा फ्लॉप्याही झाडल्या. दोन ओळींची फाइल, वाटलं केरच, म्हणून पुसली."

"फाइल नसली तर प्रोग्रामनं तसं सांगायला पायजे," महांतेश हळूच म्हणाला. "आणि मशिनी दोनच. नेहमीचे पत्ते धरून पुढं जायचं. गप बसून कसं चालंल?"

काकांनी त्याला आपली खुर्ची दिली. महांतेशनं प्रोग्रामात चार ओळी घातल्या. मग ती फाइल नसलेल्याच फ्लॉपीवर मशीननं आधी कळवलं की फाइल नाही, नेहमीचे पत्ते धरतो आहे, आणि काम सुरू केलं.

संध्याकाळी पालक जमले. "बिघाड आमच्या हर्षितानं शोधला," स्वतःची चूक झाकत काका कौतुकानं म्हणाले. टाळ्या पडल्या. महांतेश दुसऱ्या मशीनपाशी उभा होता. हर्षिताला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

"पाठव पहिला निरोप. दसऱ्याच्या शुभेच्छा," काका म्हणाले.

तिनं शुभेच्छा लिहिल्याच नाहीत. इंग्रजी अक्षरांत ती मराठी टाइप करत गेली, आणि पलीकडच्या पडद्यावर सगळ्यांसमोर शब्द उमटले: 'मी कुंकू पाहिलं नव्हतं. खोटं बोलले. बिघाड महांतेशनं दुरुस्त केला. महांतेश, माफ कर.'

काकांनी ते शब्द दोनदा वाचले. मग काकांनी घसा खाकरला. "केर मी काढला आणि शिक्षा याला केली. शाब्बास रे महांतेश. उद्या ये, आणि मलाही शिकव स्वल्प." त्यांनी हर्षिताच्या डोक्यावर हात ठेवला. ती मान वर करू शकली नाही.

तेवढ्यात पलीकडे महांतेशनं काही टाइप केलं आणि तिच्यासमोरच्या पडद्यावर एक ओळ उमटली.

'निरोप पोचला.'