माळकऱ्यांच्या गोठ्यातला समुद्रपक्षी

ज्या माणसावर हेमांगी दोन दिवस दात खाऊन होती, तो मोटारसायकलवरून मोठ्या रुबाबात उतरला आणि पहिलंच पाऊल त्याने शेणात टाकलं. देव आहे, असं हेमांगीला मनापासून वाटलं.

हा तेजस. मूळचा धुळ्याचा, नोकरी भुसावळला रेल्वेत, आणि पक्षीमित्रांच्या ग्रुपवर याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. झालं होतं असं, की अरबी समुद्रात वादळ उठलं, त्याचं शेपूट थेट असोद्यापर्यंत आलं आणि हेमांगीच्या वडिलांच्या केळीच्या बागेत एक दमलेला पक्षी पडला. पाठ काळी, पोट पांढरं, शेपूट कात्रीसारखं. पुस्तकं धुंडाळून तिने ग्रुपवर फोटो टाकून लिहिलं, ‘काळ्या पाठीचा सुरय. समुद्रावरचा. आपल्याकडे दुर्मीळ!’ त्यावर या शहाण्याचं उत्तर: ‘ताई, हा नदीवरचा साधा सुरय. पिवळी चोच नि लाल पाय काळे दिसतात ते केळीच्या चिकाने.’ खाली सत्तावीस हसरे चेहरे.

आणि वर ताई म्हणाला तो! 

आपलं खरं आहे हे याच्या तोंडून वदवून घेईन तरच नावाची, असं तिने ठरवलं होतं. पण त्याआधी पक्षी जगायला हवा होता. वनखात्याने फोनवर सांगितलं, खाऊ घाला, ताकद आली की सोडा. खाऊ घालणार काय, कपाळ? घर तीन पिढ्यांचं माळकरी. भात, कणीक, केळं… पक्ष्याने कशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी नाक मुठीत धरून हेमांगीने तेजसलाच फोन केला होता. “बघायला या. आणि येताना मासे आणा. डब्यातून. गुपचूप.”

“पाय धुऊन येतो,” तेजस ओशाळून म्हणाला.

“डोळेही धुवा.”

तो नळावरून परत आला आणि गोठ्यातल्या खोक्यापाशी गुडघ्यांवर बसला. पक्षी उचलताना त्याचे हात इतके हलके झाले, की हेमांगीचा राग क्षणभर वाट चुकला.

“चीकच असणार…” तो पुटपुटला.

“केळीचा चीक मी जन्मापासून बघतेय. त्याचा डाग तपकिरी पडतो. आणि चोचीला टोकापासून मुळापर्यंत इतका सारखा रंग द्यायला आमच्याकडे पेंटर नाही!”

तो हसला. गालाला खळी पडली. अगं बाई, हे आणि कशाला, असं हेमांगी मनातल्या मनात म्हणाली.

“कपाळाचा पांढरा पट्टा मात्र…”

“डोळ्यापाशीच थांबतो,” दोघं एकदम म्हणाले. काळ्या पाठीच्या सुरयाची तीच तर खूण.

“आता मासे द्या,” ती घाईने म्हणाली.

तेजसचा चेहरा उतरला. “डबा… तुमच्या आईंनी घेतला. नळावरच. म्हणाल्या, असोद्यात येऊन घरचा डबा खातो का? पण आणलाच आहेस तर गरम करते…”

असोद्याच्या भरिताचा एवढा अपमान हेमांगीच्या आई बेबाबाई कशा सोसतील? दोघं परसात धावले. तिथे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, आणि शेजारी—

“माय व माय!”

झाकण हातात धरून बेबाबाई उभ्या होत्या. डब्यात बोटाएवढे सहा मासे. कच्चे.

हेमांगीच्या मनात आलं, आता पक्षी गेला, आणि हा माणूसही. दुसऱ्या गोष्टीचं आपल्याला एवढं का वाटतंय, या विचाराने ती आणखीच घाबरली.

“काकू, चूक माझी,” तेजस पुढे झाला. “यांना काही माहीत नव्हतं.”

“खोटं बोलतात ते! मीच मागवले. आई, तो पक्षी उपाशी मरतोय गं…”

बेबाबाईंनी गळ्यातल्या माळेला हात लावला. एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा त्या पोराकडे. “उपाशी जीव दारात मेला, तर पांडुरंग मले काय म्हनीन? जा, गोठ्यात घाला त्याले. पन हा डबा पुन्हा घरात आला तर पाय मोडीन! आन् तू रे भो, साबन लावून तीनदा हात धू, मंग भरीत खायाले बस.”

पक्ष्याने सहाही मासे गिळले. तेजसने भरीत तीनदा मागून घेतलं.

पुढचे तीन दिवस तो ड्युटी संपली की मासे घेऊन हजर. चौथ्या दिवशी दोघांनी तापीच्या काठावर खोकं उघडलं. पक्ष्याने पंख झाडले, पाण्यावरून एक गिरकी घेतली आणि सरळ पश्चिमेची वाट धरली. हेमांगीचे डोळे भरून आले. तेजसने मोबाइल तिच्यापुढे धरला. ग्रुपवर मजकूर गेलाही होता: ‘काळ्या पाठीचा सुरय. ओळख हेमांगीची. चिकाची अक्कल माझी. हसायचं तर मला हसा.’

“ताई नाही लिहिलंत?” तिने डोळे पुसत विचारलं.

“सगळ्यात मोठी चूक तीच होती,” तो म्हणाला, आणि उगाच घसा खाकरला. “नोंदीचा अर्ज भरायचाय. शेवटचा रकाना आहे, ‘पुन्हा दिसण्याची शक्यता’. काय लिहू?”

“वादळात वाट चुकलेला तो. कशाला येईल परत?”

“पक्ष्याचं नाही…” त्याचे कान लाल झाले. “माझं विचारतोय.”

“रोज,” हेमांगी म्हणाली, आणि आपण इतकं पटकन बोललो म्हणून ओढणीत तोंड लपवून हसत सुटली.