तो आला की तिनं उठायचं

तो तिच्या खुर्चीवर बसला होता. मार्गितमावशीच्या हंगेरियन खाणावळीतली खिडकीजवळची ती एकच खुर्ची धड होती, बाकीच्या डुगडुगत्या.

“उठा,” इलोना म्हणाली. “ही माझी जागा.”

“नाव तर कुठं दिसत नाही.” त्यानं वाकून खुर्चीखाली बघितलं... खरंच बघितलं! मान रेड्याएवढी आणि डोळे दूध सांडलेल्या पोराचे. “बाहेर बर्फाचा चिखल पडतोय हो. टोलेडोत माणुसकी मिळते का?”

“मिळते. सोमवारी सुट्टी असते तिला.”

तो हसला. मग उठला, समोरची डुगडुगती खुर्ची ओढून तिच्यावर बसला आणि धड खुर्ची तिच्याकडे सरकवली. “बसा. मी झोके घेत जेवतो.”

मावशीनं दोघांपुढं पाप्रिकाशच्या थाळ्या आदळल्या. लालभडक रश्श्यात कोंबडी, कणकेचे गोळे, वर आंबट साय. इलोना अशी जेवली की तो घास हातात धरून बघतच राहिला.

“काय बघताय?”

“काही नाही... एवढं मन लावून जेवणारी बाई पहिल्यांदाच पाहिली. करता काय तुम्ही?”

“लोकांच्या तोंडात हात घालते. दातांच्या दवाखान्यात आहे. तुम्ही?”

त्यानं हातातला घास रश्श्यात बुडवला. “मी... पुढ्यातला माल मागच्याकडं पोचवतो.”

“गोदामात?”

“तसंच काहीतरी.”

नाव विचारलं तेव्हा ‘वेन्डेल’ एवढंच म्हणाला. अर्धं खोटं तोही बोलला, तीही बोलली. प्रेमाची सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते. कोणाचं अर्धं जास्त सडकं होतं, ते नंतर कळतं.

रविवारी ते कळायला लागलं.

टोलेडो स्टर्जन्स, गावचा अमेरिकन फुटबॉलचा संघ. टीमला नाव माशाचं आणि खेळही पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा. हंगाम सुरू झाल्यापासून नुसती तडफड. त्या दिवशी मात्र जिंकायला एक लाथ पुरे होती. चेंडू मागं जायचा, मागच्यानं धरायचा आणि तिसऱ्यानं लाथेनं दोन खांबांमधून उडवायचा. वाकून, दोन पायांमधून चेंडू मागं फेकणारा एक गडी प्रत्येक टीममध्ये असतो. त्यानं आयुष्यभर नीट फेकला तर त्याचं नाव कुत्रंही विचारत नाही. एकदा चुकला की गाव त्याच्या आईपर्यंत जातं. त्या दिवशीच्या गड्यानं चेंडू फेकला तो धरणाऱ्याच्या डोक्यावरून गेला. सामना गेला. गड्यानं शिरस्त्राण काढलं आणि मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर त्याचा चेहरा आला.

कडेला नाचणाऱ्या पोरींच्या रांगेत इलोना उभी होती. गुडघे थंडीनं निळे पडलेले, हातात चंदेरी झुपके. तिनं मान वर केली आणि ओठांवरचं हसू तसंच ताणून धरलं. हरलो तरी हसायचं, असा नियम होता.

माल मागच्याकडं पोचवणारा!

रांगेत उभं राहायला तिला तीन वर्षं निवडीला यावं लागलं होतं. हातात जे पडायचं ते पेट्रोलात जायचं. तरी रविवारी ते तीन तास ती कुणाच्या किडक्या दाढेवर वाकलेली नसायची. हजारो लोकांसमोर ताठ उभी असायची, आणि ते तीन तास तिला श्वासाइतके हवे होते.

पण दुसराही एक नियम होता. नाच बसवणाऱ्या लोरेनबाईंनी पहिल्याच दिवशी तो बजावला होता. “खेळाडूशी बोलायचं नाही, हसायचं नाही. तुम्ही कुठं जेवत असाल आणि तिथं खेळाडू आला, तर ताट सोडून उठायचं.”

“आणि खेळाडूनं?” कुणीतरी विचारलं होतं.

“त्यांनी काय?” लोरेनबाई खरोखरच गोंधळल्या होत्या.

नियम पोरींसाठी होता आणि भूक पोरींची होती. ज्यांनी तो केला त्यांना गुडघे निळे होईपर्यंत नाचायचं नव्हतं.

सोमवारी वेन्डेल आला. इलोना उठली. थाळीतून वाफ निघत होती, ती तशीच सोडून कोट चढवून बाहेर पडली. तो म्हणाला, “अहो... चेंडू माझ्या हातून सुटला, तुमचा काय गुन्हा केला मी?” पुढच्या सोमवारीही तेच. त्यानंतरच्या सोमवारी तो दारात दिसताच ती उठली, आणि तो मावशीकडं वळला.

“मावशी, माझ्या अंगाला वास येतो का?”

“अक्कल येत नाही तुला, बैला!” मावशीनं झारा आपटला. “ती तुमच्याच टीमपुढं नाचते. तू आलास की तिनं उठायचं, असा नियम आहे. तुझ्यापायी पोरगी तीन सोमवार उपाशी जातेय आणि तू वास घेतोयस!”

वेन्डेलचा चेहरा रश्श्यासारखा लाल झाला.

पुढच्या सोमवारी तो आत आलाच नाही. खिडकीबाहेर बर्फात उभा राहिला आणि काचेवर टकटक केली. इलोनानं दचकून कोट उचलला, तर त्यानं दोन्ही हात हलवून खुणावलं, बसा... बसा! मी आत कुठं आलोय?

मावशी शिव्या घालत बाहेर गेली आणि त्याची थाळी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून आली. तो बाहेर उभ्यानं जेवला, ती आत बसून जेवली. मध्ये काच. त्याचा श्वास काचेवर साचला तसा त्यानं त्या वाफेत बोटानं एक तिरळा मासा काढला. इलोनाला असा ठसका लागला की साय नाकात गेली.

मग उरलेला हंगामभर हेच. रविवारी हरायचं आणि सोमवारी काचेशी उभं राहायचं. रस्सा गार व्हायचा, त्याच्या भुवयांवर बर्फ धरायचा. ती आतून आपला तळवा काचेला लावायची, तो बाहेरून लावायचा. काच गारच राहायची... पण तळव्याला ते पटायचं नाही.

एकदा ती मागच्या दारानं बाहेर पडली. कचऱ्याच्या पिंपांपाशी तो थांबला होता.

“वेडा आहेस का? कुणी बघितलं तर?”

“बघू दे. तुला कुणी काही म्हणालं, तर मी सांगेन की मी आलो होतो, ती नाही.”

“एवढंच?”

“एवढंच. एक वाक्य. शपथ.”

“कुणाची?”

“तुझ्या पाप्रिकाशची,” तो म्हणाला आणि त्यानं गार बोटांनी तिच्या गालावरचा बर्फ पुसला. तिनं डोळे मिटले... त्या एका वाक्यावर तिनं सगळा हिवाळा टेकवला.

शेवटच्या सामन्याच्या आठवड्यात कुणीतरी रस्त्यापलीकडून फोटो काढला. आत ती हसतेय, बाहेर तो थाळी घेऊन उभा, दोघांचे तळवे काचेला. दुपारपर्यंत गावभर झाला.

लोरेनबाईंनी तिला बसायलाही सांगितलं नाही. “झुपके आणि पोशाख ठेवून जा.”

“तो बाहेर होता. मध्ये काच होती.”

“तू हसलीस.”

“आणि त्याचं काय?”

“त्याचं काय?” परत तोच खराखुरा गोंधळ.

त्याचं एवढंच झालं की प्रशिक्षकानं सगळ्यांसमोर त्याच्या पाठीत थाप मारली. “वा रे पठ्ठ्या! चेंडू नाही, पण पोरगी बरोबर जागी पोचली!” सगळे हसले. तोही हसला.

शेवटचा सामना इलोनानं मावशीकडच्या टीव्हीवर पाहिला. वेन्डेलनं एकही चेंडू चुकवला नाही. टीम हरली ती हरलीच, पण पुढच्या वर्षी त्याला ठेवणार अशी बातमी आली. मग कुणीतरी त्याच्या तोंडापुढं माईक धरला. “फोटोतल्या त्या मुलीला काढलं म्हणतात. कोण ती?”

मावशीनं आवाज वाढवला. इलोनाच्या हातातला चमचा तसाच राहिला. आता... आता म्हणेल.

वेन्डेलनं जमिनीकडं पाहिलं. मान रेड्याची, डोळे पोराचे.

“मी... ओळखत नाही तिला,” तो म्हणाला. “मी नुसता जेवत होतो.”

मावशीनं टीव्हीच बंद केला. “बैल म्हटलं ते चुकलंच माझं,” ती म्हणाली. “बैल ओझं तरी ओढतो.”

सोमवारी दार वाजलं आणि तो आत आला. नुसत्या सवयीनं इलोनाचे गुडघे उठायला निघाले. तिनं ते टेबलाखाली दाबून धरले. आता तिला कुठलाच नियम नव्हता.

तो डुगडुगत्या खुर्चीवर टेकला. “इलोना... माझं प्रेम आहे तुझ्यावर.”

कितीतरी सोमवार तिनं काचेपलीकडच्या ओठांवर हेच वाचायचा प्रयत्न केला होता. आता ऐकू आलं. छातीत काहीतरी उसळलंही... ती खोटं कशाला बोलेल? उसळलं.

“माझंही आहे,” ती म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला. त्यानं तिचा हात धरायला हात पुढं केला.

“थांब. हे त्या माईकपुढं म्हणाला असतास?”

“टीमविरुद्ध बोललो असतो, तर मला काढून टाकलं असतं गं! मला दुसरं काही येत नाही. वाकून मागं फेकायचं, एवढंच येतं.”

“माहीत आहे.” तिचा आवाज चढला नाही. “मला फेकलंस, ते नीट गेलं. एकदम बरोबर.”

त्यानं पुढं केलेला हात मागं घेतला. डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं, त्याचाच तिला जास्त संताप येत होता.

“तू आत आलास की मी ताट सोडून उठायचे,” इलोना म्हणाली. “मी अजून जेवतेय, वेन्डेल. ऊठ.”

खुर्ची डुगडुगली. तो उठला. दार उघडलं, गार वारा आत आला, दार लागलं. तो गेला मात्र नाही. खिडकीबाहेर आपल्या जुन्या जागी उभा राहिला आणि त्यानं तळवा काचेला लावला. आतल्या वाफेनं काच हळूहळू पांढरी होत गेली... आधी त्याचे डोळे गेले, मग तोंड.

आतून एकदा हात फिरवला असता तर तो दिसला असता.

तिनं थाळी जवळ ओढली. “मावशी, गोळे आण अजून.” डोळ्यांतलं पाणी रश्श्यात पडत होतं. पडू दे म्हणाली, आणि शेवटच्या घासापर्यंत बसून जेवली.