पलंगाखालची जागा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे माझ्या सख्ख्या काकांच्या घरात घडलंय, आणि काका थापा मारणाऱ्यांतले नाहीत. उलट दुसऱ्याची थाप पकडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही.

आणि हो, यात मध्यरात्र वगैरे काही नाही.

जे झालं ते भरदुपारी. त्यांच्या मागच्या खोलीत, डोक्यावर पंखा फिरत असताना.

काका सुतार. जुने पलंग नव्या गाद्यांच्या मापाचे करून देणं हे त्यांचं खास काम. हे पलंग बनले तेव्हा गाद्या कापसाच्या आणि पातळ असायच्या, म्हणून झोपायच्या फळ्या उंचावर. त्यांवर हल्लीची वीतभर जाड गादी टाकली, की माणूस छताशी गप्पा मारायला लागतो. मग काका पलंग थोडा रुंद करतात, नव्या फळ्या घालतात, त्यांचा आधार खाली घेतात. गादी अशी चपखल बसते की पलंग तिच्यासाठीच केला होता असं वाटावं.

गेल्या वर्षी काकू पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी काकांना बाजूला घेतलं.

"गादी जाड हवी, पलंग बुटका हवा. पुन्हा पडल्या, तर चालणं विसरा."

काका हादरले. काकू म्हणजे दिवसभर भिंगरीसारखं घरभर फिरणारं माणूस. ती अंथरुणाला खिळली तर जगेल कशी, या विचाराने त्यांची झोप उडाली.

दुकानात एक शिसवी पलंग पडून होता. जड, देखणा आणि चांगलाच उंच. काकूंचा त्यावर कधीपासून डोळा होता. काकांनी तोच कामाला घेतला.

पलंग उलटा केला, आणि त्यांना एक गंमत दिसली.

फळ्यांच्या खालच्या बाजूला कोणी सुतार रंधा मारत बसत नाही. ती बघणार कोण? पण या फळ्या खालून गुळगुळीत होत्या... मधोमध तर चकचकीत.

"काय कारागीर असेल!" काका खूश झाले. "न दिसणारं कामसुद्धा मन लावून केलंय."

सुताराच्या डोळ्यांना जिथे तिथे सुतारकामच दिसतं. त्या फळ्या घासून घासून तशा झाल्या असतील, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

त्यांनी नव्या फळ्या घातल्या. आधार बराच खाली आणला. पलंगाखाली जेमतेम झाडू जाईल एवढीच जागा उरली.

काकू टेकल्या आणि म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा माझ्या मापाचं काहीतरी केलंत."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी हाक मारली.

"अहो, खाली काय वाजतंय?"

काका आले. कान दिला.

खर्र...

मग शांतता.

खर्र...

त्यांनी वाकून पाहिलं. काही नव्हतं. "नवं लाकूड आहे. बसेल हळूहळू," ते म्हणाले.

लाकूड बसलं नाही. रोज दुपारी तोच आवाज. अडचणीच्या जागेत कोणी कूस बदलावी तसा.

"कोणीतरी गुदमरतंय हो खाली," काकू म्हणाल्या. काकांनी ते औषधांच्या गुंगीवर ढकललं.

मग एके दिवशी आवाज थांबला. काकांना हायसं वाटलं.

ते जेवायला घरी आले. खोलीत डोकावले... आणि जागीच थबकले.

काकू पलंगाच्या अगदी कडेला झोपल्या होत्या. अर्धं अंग बाहेर. बाकी पलंग रिकामा.

"अगं, पडशील! कडेला का गेलीस?"

काकूंनी डोळेही उघडले नाहीत. "सरकले थोडी. खाली मावत नाही म्हणतो."

काकांनी त्यांच्या शेजारी पाहिलं.

गादी दबलेली होती. डोक्याजवळ, कमरेजवळ, टाचांजवळ...

त्यांनी हात लावला. जागा गार होती.

काकांनी काकूंना उचललं आणि बाहेरच्या खोलीत सोफ्यावर नेऊन झोपवलं. परत येऊन गादी खेचून काढली. एक फळी उपटून उलटी केली.

खालची बाजू त्यांनी स्वतः खरबरीत ठेवली होती. करवतीच्या खुणा दोन्ही टोकांना तशाच होत्या.

मधोमध मात्र फळी गुळगुळीत झाली होती... आणि चकचकीत.

आता कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी आधार पुन्हा पूर्वीच्या उंचीवर ठोकला. फळ्या रचल्या.

"ही घे तुझी जागा," ते मोठ्याने म्हणाले. "पण माझ्या बायकोला सोड."

हात-तोंड धुऊन ते बाहेरच्या खोलीत गेले.

सोफा रिकामा होता.

ते धावत मागे आले. काकू त्या उंच पलंगावर, उघड्या फळ्यांवर बसल्या होत्या. पाय खाली लोंबत होते.

"वर कशी चढलीस तू?"

"असं काय करता? तुम्हीच उचललंत की आत्ता." काकू जरा थांबल्या. "हात मात्र गार पडले होते तुमचे."

काकांनी त्यांना कवेत घेतलं आणि खाली उतरवायला ओढलं. काकू हलेनात.

"अहो, एका वेळी एकाने धरा ना," त्या वैतागून म्हणाल्या. "असं दोन्हीकडून ओढलंत तर मी उतरू कशी?"

काकांनी हात सोडले, तशा काकू अलगद खाली उतरल्या. पलंग संध्याकाळच्या आत घराबाहेर गेला. काकांनी तो दुकानात नेऊन सुटा केला, विकला मात्र नाही. दुसऱ्या कोणाच्या घरी हे लचांड पाठवायला त्यांचं मन धजावलं नाही.

काकू बऱ्या झाल्या. डॉक्टरांनाही आश्चर्य वाटावं इतक्या लवकर. काठी नाही, वॉकर नाही. मी भेटायला गेलो, तर स्वतः चहा घेऊन आल्या. मला खूप आनंद झाला.

मग माझं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलं.

उजव्या हातात कप. डावा हात कोपरात वाकवून अंगापासून थोडा दूर धरलेला. कोणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा...

बाजूला कोणी नव्हतं.

निघताना मी काकांना दारात गाठलं. "काका, कोणाला तरी दाखवा हो. काहीतरी करून ते घालवा."

काकांनी आत पाहिलं. आतून काकूंची पावलं ऐकू येत होती. एकसारखी, न अडखळता.

"घालवतो रे," काका हळू आवाजात म्हणाले. "पण त्याने आधार काढला आणि ती पडली, तर?"

त्यानंतर मी त्यांच्याकडे गेलेलो नाही.