गाळाचा उतार

आमच्या प्रयोगशाळेची खिडकी गाळाच्या टाक्यांकडे उघडते. अख्ख्या शहराचं सांडपाणी आमच्याकडे येतं, स्वच्छ होऊन नदीत जातं, आणि मागे उरतो तो गाळ. बंद टाकीत तो कुजवायचा आणि त्याचा गॅस काढायचा. हे काम भारी रेंगाळायचं, म्हणून नवं यंत्र आणलं. त्यात गाळ जोरानं एका अरुंद घशातून ढकलतात. तिथं दाब एकदम उतरतो, असंख्य बुडबुडे उठतात आणि उठल्या उठल्या फुटतात. त्या फुटण्याचा मार इतका जबर, की गाळातल्या जंतूंची कवचं तडकतात आणि आतलं सगळं बाहेर पडतं. मग कुजायला वेळ लागत नाही. यंत्र चालू असलं की वाटतं, कुणीतरी कढईत खडी परततंय.

ते सांभाळणारा फिटर म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. घरी मी त्याची चिंगी, कामावर केमिस्टबाई. "केमिस्टबाई, तुमच्या गाळाला आज खोकला झालाय," असं काहीतरी बोलल्याशिवाय तो आत यायचा नाही.

एका सकाळी यंत्राचा घसा तुंबला. दादानं पंप बंद केला, झाकण काढलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. एक चिंधी निघाली. माझ्या बेसिनवर तो हात पुन्हा पुन्हा धूत राहिला.

"काय रे?"

"आत कुणीतरी हात धरला."

"चिंधी गुंडाळली असेल."

"चिंधी आधीच काढली होती गं." तो हात पुसतच राहिला. "आणि मी ओढला नाही. त्यानंच सोडला."

मी हसले. तो हसला नाही.

गाळ किती खाली बसतो ते बघायला मी तो काचेच्या उंच भांड्यात भरून ठेवते. थर सपाट बसतो. पाण्यातल्या गाळाला दुसरं काही करताच येत नाही. पण दुसऱ्या दिवशी थर तिरपा दिसला, एका अंगाला चढलेला, जणू कुणी भांडं कलतं धरलंय. मी टेबलावर पाणसळ ठेवून पाहिली. तिचा बुडबुडा बरोबर मधोमध. भांडं फिरवून ठेवलं आणि चहा पिऊन आले. गाळ पुन्हा त्याच बाजूला चढला होता, यंत्रघराच्या बाजूला.

तेवढ्यात दादा आला. बोलत बोलत खिडकीपाशी गेला. माझी नजर भांड्यावर होती. झोपेतल्या माणसानं कूस बदलावी तसा आतला गाळ सावकाश वळला.

"दादा, जरा इमारतीला एक चक्कर मारून ये."

"का, पोट सुटलंय माझं?"

"ये ना मारून."

तो शीळ घालत गेला. शीळ भिंतीच्या पलीकडून फिरत गेली आणि गाळ काचेला चिकटून तिच्याबरोबर फिरला. परतल्यावर मी त्याला दाखवलं. "जीव जडलाय बघ माझ्यावर," म्हणत त्यानं काचेला तळवा लावला. तळव्यापाशी गाळ वर चढू लागला. दादानं हात झटकन मागे घेतला. त्यानंतर शीळ मी ऐकली नाही.

मी साहेबांना बोलावून आणलं. "गॅस दीडपट निघतोय, बाई, आणि तुम्ही मला भांडं दाखवताय?" असं म्हणतच ते आले. त्या तिरप्या थराकडे बराच वेळ बघत राहिले. "टेबल नीट करून घ्या," म्हणाले, आणि कशालाही हात लावलेला नसताना हात धुऊन गेले.

मी दादाच्या मागेच लागले. रजा टाक, वहिनीच्या माहेरी चार दिवस राहून ये. तो लगेच कबूल झाला, याचीच मला जास्त भीती वाटली. वहिनी आणि छकुलीला घेऊन तो गेला. गाळाचा उतार हमरस्त्याकडे, तो गेला त्या दिशेला वळला आणि तिकडेच राहिला. मी गाळ फेकून ताजा भरला. तोही तिकडेच.

मग ती दुपार. ऊन होतं, सगळे जेवायला गेले होते. डबा उघडताना सहज पाहिलं, तर उतार हलला होता. आता तो फाटकाकडे होता.

आला वाटतं परत, असं मनात आलं आणि मी चिडलेच. चार दिवस धड राहवत नाही या माणसाला!

उतार फाटकाकडून टाक्यांकडे गेला. टाक्यांकडून यंत्रघराकडे. तिथं थांबला.

त्यानं पुन्हा आत हात घालू नये म्हणून मी भिंतीवरचं बटण दाबून यंत्र बंद केलं. खडीचा आवाज थांबला. खिडकीतून पाहिलं, आवारात कुणी नव्हतं.

मी वहिनीला फोन लावला. "वहिनी, दादा कधी निघाला?"

"कुठे निघतोय! समोर बसून छकुलीची वेणी घालतोय, वेडीवाकडी. थांबा, देते."

"बोल चिंगे." दादाच होता. मागून छकुली ओरडत होती, "आत्याला सांग गं आई, बाबा केस ओढतात!"

मी भांड्याकडे पाहिलं. उतार यंत्रघरापासून निघाला होता.

"आज फार हलकं वाटतंय बघ," दादा म्हणाला. "अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं."

व्हरांड्यात बुटांचा आवाज आला. ओळखीचा.

उतार दाराशी आला.

दार उघडलं.

दारात दादा उभा होता. नेहमीचाच निळा गणवेश, खिशात पाना.

"कोण आलं गं?" फोनमधून दादानं विचारलं. "चिंगे?"

दारातल्यानं माझ्याकडे पाहिलं, दादा बघतो तशीच मान जराशी कलती करून. मग सावकाश एक बोट ओठांवर ठेवलं.

"कुणी नाही," मी म्हणाले.