हिरव्या चिंधीचा कंदील

ताडकळसचा कापूस परभणीच्या जिनिंगला पोचवायचा, एवढंच वैजीनाथचं काम. सकाळी रिकामी लॉरी न्यायची, कापूस भरून होईस्तोवर बाजारात टेकायचं आणि भरलेली लॉरी घेऊन परतायचं. पोलीस ॲक्शनला पाच वर्षं होत आली होती. रझाकार गेले, रस्त्याला खडी पडली, आणि त्या खडीवर वैजीनाथसारखे नवे नवाब अवतरले. हातात चाक आलं की माणसाच्या डोक्यात काय शिरतं कोण जाणे! घरी दैवशालेपुढं मांजर होणारा हा गडी लॉरीत बसला की बैलगाडीसाठी वीतभरही बाजूला होत नसे.

"कच्च्यात उतरायचं ते बैलांनी," तो म्हणायचा. "मोटारीनं न्हाई."

सोबतीला क्लीनर आश्रुबा असे. पन्नाशीचा, पोट हातावर असलेला, म्हणून तोंडाला कुलूप.

ताडकळस सोडून कोसभर गेलं की चिंचेचा उतार लागायचा. खाली ओढ्यावर फरशी, लगेच समोर चढ. उताराच्या तोंडाशी आला की वैजीनाथ इंजिनच बंद करी. लॉरी आपल्या वजनानं मुकाट सुटायची आणि त्या झोकात निम्मा चढ फुकट चढायची. वाचलेलं पेट्रोल कुठं जातं हे मालकाला ठाऊक नव्हतं. अट एकच होती, मधे ब्रेक दाबायचा नाही. ब्रेक दाबला की झोक मोडला.

मार्गशीर्षातल्या एका बाजारच्या दिवशी दिवेलागणीला तो त्या उतारावर आला. इंजिन बंद केलं, बॅटरी कशाला जाळायची म्हणून दिवेही बंद केले. खाली फरशीच्या अलीकडे एक पिवळा ठिपका हलत होता. बैलगाडीच्या मागच्या अंगाला, चाकांच्या आखाखाली टांगलेला कंदील होता तो. गाडीवान सटवाजी बाजार करून घरी निघालेला. वाट बैलांच्या पायाखालची, म्हणून कासरा सोडून आडवा झाला होता. सगळेच झोपतात. मागून मोटारीची घरघर आली की बैल आपसूक कच्च्यात उतरतात.

पण आज घरघर नव्हतीच.

"वस्ताद, गाडी हाय म्होरं."

"दिसायलीय."

"ब्रेक दाबा की…"

"सरकतेत बैल."

बैल सरकले नाहीत. लॉरीचं तोंड गाडीत घुसलं तेव्हा आधी लाकूड फुटल्याचा आवाज झाला आणि मग एक असा आवाज, की आश्रुबानं कानावर हात दाबले. डावा बैल जुवासकट मुरगळून पडला, मान पाठीकडे वळलेली, पाय अजून चालतच होते. उजवा दावं तोडून रानात पळाला. गूळ, मिरच्या, बाजाराचं सगळं सामान रस्त्यावर पसरलं. रक्ताचा आणि मिरचीचा वास एकमेकांत मिसळला.

सटवाजी जिवंत होता. लॉरीचं पुढचं चाक त्याच्या मांडीवर चढून थांबलं होतं.

"पाय… पाय सोडवा ओ…"

आश्रुबा खाली वाकून ओरडला, "मागं घ्या वस्ताद! हातभर मागं घ्या, निघंल माणूस!"

वैजीनाथनं इंजिन सुरू केलं. समोर मोडक्या आखाला कंदील तसाच लटकत होता, काच तडकलेली, पण जळत होता. कडीला हिरवी चिंधी गुंडाळलेली. तो उजेड सटवाजीच्या तोंडावर पडत होता आणि सटवाजी वैजीनाथकडे टक लावून बघत होता. हा माणूस जगला तर बोलणार. दिवे बंद होते, इंजिन बंद होतं, आपला कंदील जळत होता, सगळं बोलणार.

वैजीनाथनं पहिला गिअर टाकला. लॉरी पुढं गेली.

खाली पिकलेलं कलिंगड दगडावर आपटावं तसं झालं. मग सगळं शांत झालं.

"गेर चुकला," वैजीनाथ म्हणाला. आश्रुबानं त्याच्या हाताकडं पाहिलं. तो हात मुळीच थरथरत नव्हता. त्याच हातानं वैजीनाथनं कंदील सोडवला, फुंकर मारून विझवला आणि सीटखालच्या पेटीत टाकला.

रस्त्यावर कसूर नेहमी मेलेल्याचाच असतो. त्याला उलट बोलता येत नाही ना! अंधार पडल्यावर गाडीला कंदील हवाच, अशी दवंडी गावोगाव पिटलेली होती. पंचनाम्यात आलं, 'गाडीस कंदील नव्हता, गाडीवान झोपेत होता.' आश्रुबाला विचारलं तर तो म्हणाला, "मला काय दिसलं न्हाई, साहेब."

सटवाजीची बायको धुरपदाबाई तेवढी ऐकेना. "कंदील म्या सोता मह्या हातानं टांगला व्हता. कडी वाजू नाही म्हून मह्या लुगड्याची हिरवी चिंधी गुंडाळली व्हती तिला. मोडला म्हणावं तर काच दावा, पत्रा दावा. गेला कुठं?"

कोणी काही दाखवलं नाही. नवऱ्याच्या मागं ती गावात झोपाळू गाडीवानाची रांड म्हणून ओळखली जाऊ लागली. माणूस गेल्याचं दुःख तिला होतंच, पण त्याच्या नावावर चिकटलेली ही चूक तिला जास्त जाळत होती.

वैजीनाथनं कंदील घरी नेऊन परसात गोवऱ्यांच्या मागं कोंबला. एखाद्या विहिरीत टाकू, म्हणता म्हणता राहून गेलं. खरं तर त्याला हात लावायचीच त्याची छाती होत नव्हती.

पौषात एके दिवशी कापूस लवकर भरून झाला आणि लॉरी भर दुपारी चिंचेच्या उतारावर आली. ऊन लख्ख पडलं होतं. पाखरू बोलत नव्हतं. वैजीनाथनं इंजिन बंद केलं आणि त्याच्या नाकात रॉकेलचा वास शिरला. खाली फरशीच्या अलीकडे, जमिनीपासून हातभर उंचीवर, पिवळा ठिपका हलत होता. एवढ्या उन्हात दिवा दिसायला नको. पण दिसत होता.

त्यानं ब्रेक दाबला. लॉरी आडवी झाली, वरची गाठोडी धडाधड खाली आली.

"काय झालं वस्ताद?" आश्रुबानं विचारलं. रस्ता रिकामा होता.

पुढच्या खेपेला ठिपक्यामागं एक चाक दिसलं. वैजीनाथनं पुन्हा ब्रेक मारला, पुन्हा गाठोडी पडली. मालकानं चार लोकांत आईबहीण काढली आणि बजावलं, आणखी एकदा असं झालं तर चाक दुसऱ्याच्या हातात देईन. वैजीनाथची झोप उडाली. चाक गेलं तर तो कोण? शेवटी त्यानं मनाशी ठरवलं, भास आहे, भासातून गाडी घालायची.

आणि त्यानं घातली. तिसऱ्या खेपेला कंदील होता, चाक होतं, गाडीच्या साटीतून लोंबणारे दोन पाय होते. त्यानं दातओठ खाऊन लॉरी सरळ सोडली. काही झालं नाही. धुरातून जावं तशी लॉरी पार झाली. पलीकडच्या चढावर तो मोठ्यानं हसला. मग पुढच्या खेपेला अख्खी गाडी दिसली, बैल दिसले, तरीही तो हसतच त्यांच्यातून गेला. आश्रुबा त्याच्या तोंडाकडं पाहत राहिला, कारण त्याला रस्त्यावर काहीच दिसत नव्हतं.

माघात दैवशाला भाच्याच्या बारशाला माहेरी गेली. तिचं माहेर ताडकळसच्या अलीकडंच होतं. निघताना म्हणाली, "पुढच्या बाजारी महा भाऊ मुंजाजी गाडीनं आणून सोडंल मला. तुमी वाट बघू नका, जेवून घ्या." हातातलं गाठोडं तिनं जरा पाठीमागं धरलं होतं. माहेरी काय नेलं हे बायका नवऱ्याला सांगत नसतात आणि शहाणा नवरा विचारत नसतो. वैजीनाथनंही विचारलं नाही.

त्या बाजारच्या दिवशी लॉरी उतारावर आली तेव्हा सूर्य डोक्यावर होता. इंजिन बंद झालं. रॉकेलचा वास आला. खाली कंदील हलत होता, पेटलेला, कडीला हिरवी चिंधी. वर गाडी होती, आणि आज तर साटीत पदर घेतलेली एक बाईही बसली होती.

'आज बाईचं सोंग आणलंस व्हय सटव्या,' वैजीनाथ मनात म्हणाला आणि त्यानं चाक घट्ट धरलं.

"वस्ताद! गाडी!"

"असू दे."

"आवो वस्ताद, गाडी हाय! बाई हाय तिच्यात! ब्रेक दाबा…"

आश्रुबाला दिसतेय, हे वैजीनाथच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. तेवढा एकच क्षण त्याच्याजवळ होता.

पुन्हा लाकूड फुटलं, बैल हंबरला आणि तोंडातून रक्त ओकत खाली बसला. मुंजाजी उडून काट्यात पडला. लॉरी थांबली तेव्हा पुढच्या चाकाखाली लाल लुगडं होतं. वैजीनाथनं खाली वाकून पाहिलं आणि त्याच्या तोंडून जनावरासारखा आवाज निघाला.

दैवशाला जिवंत होती. चाक मांडीवर होतं.

"आवो… तुमी हाव?" तिला त्याला बघून जरा धीर आला. "पाय… पाय सोडवा ओ."

"सोडवतो. आत्ता सोडवतो. हलू नको."

तो वर चढला. इंजिन सुरू केलं. हात असा थरथरत होता की दोन्ही हातांनी दांडा धरावा लागला. मागचा गिअर. त्यानं तो पुन्हा पुन्हा चाचपला. दारात उभ्या आश्रुबाला ओरडून विचारलं, "बघ रे, मागचाच हाय ना?"

"मागचाच हाय वस्ताद. घ्या मागं."

वैजीनाथनं हळूहळू क्लच सोडला.

लॉरी पुढं गेली.

पंच आले, जमादार आला. खांद्याचं हाड मोडलेला मुंजाजी कण्हत सांगत होता, "कंदील ताईनंच आणला व्हता. गाडीला कंदील न्हाई म्हून पोलीस धरतेत ना… गोवऱ्यांमागं पडला व्हता म्हणली, दाजींना सांगू नको. राती घरला परतताना लागंल म्हून म्या टांगला. पेटवला न्हवता साहेब. भर दुपारी कोण पेटवतंय?"

जमादारानं मोडक्या आखाकडं पाहिलं. कंदील जळत होता. त्यानं पंचनाम्यात लिहिलं, 'गाडीस पेटलेला कंदील होता.'

ठाण्याच्या आवारात मोटार जाणणारा एक माणूस येऊन लॉरीत बसला. मागचा गिअर टाकला की लॉरी मागं जाई. त्यानं वीस वेळा टाकून पाहिला. वीसही वेळा लॉरी मागंच गेली. कोठडीच्या गजातून वैजीनाथ बघत होता. आश्रुबा मात्र शपथेवर सांगत राहिला, दांडा मागच्या गिअरलाच होता. आणि एकदा तोंड उघडलंच, तेव्हा मार्गशीर्षातलंही सगळं त्यानं ओकून टाकलं. त्या दिवशी दांडा कुठं होता, तेही.

जमादारानं वैजीनाथला विचारलं, "कसूर कुणाचा?"

"महाच," वैजीनाथ म्हणाला. "दोन्ही येळचा."

तिसऱ्या दिवशी धुरपदाबाई ठाण्यात आली. ओसरीत कोनाड्यात कंदील ठेवला होता. तिनं चिंधी बोटांत धरून पाहिली, आपल्या पदराच्या फाटक्या काठाशी लावून पाहिली आणि तिथंच भिंतीला टेकून बसली. बराच वेळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "लिवा साहेब. मह्या मालकाच्या गाडीला कंदील व्हता म्हून लिवा."

"लिहिलंय बाई."

"मंग इझवा आता ह्याला. दिवसा कशाला जाळायलाव?"

जमादार कंदिलाजवळ गेला. त्यानं फुंकर मारली. वात वाकली आणि पुन्हा उभी राहिली.

"तीन दिवस झाले, इझतच न्हाई," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"तेल संपलं म्हंजे इझंल."

जमादारानं कंदील उचलला आणि कानाशी नेऊन हलवला. मग टाकीचं झाकण काढून उपडा धरला. ओसरीच्या फरशीवर थेंबही पडला नाही. टाकी आतून कोरडी ठणठणीत होती, गंज चढलेली.

ज्योत तशीच जळत होती. धुरपदाबाईनं ज्योतीकडं पाहिलं आणि मग मान वळवून कोठडीतल्या वैजीनाथकडं.

"मंग हे कशावर जळायलंय?" तिनं विचारलं.