टाळू भरतानाचं गाणं

लेक झोपली की चारुता कानामागे टिकली लावायची. कपाळावरच्या टिकलीएवढीच, पण हिच्यात आठवणी जाग्या करणारं बारीकसं यंत्र होतं. या स्मृतिटिकलीमुळे परकी भाषा शिकताना घोकंपट्टी लागत नसे. प्रत्येक क्रियापदाला आपली एक आठवण द्यायची. शब्द तिच्यात मुरायचा, लोणच्यात मीठ मुरतं तसा.

चारुताला घाई होती. नवरा, सुजय, चिलीच्या वाळवंटात दुर्बिणीवर कामाला होता. स्पॅनिशची तोंडी परीक्षा झाल्याशिवाय मायलेकींना तिकडे जाता येणार नव्हतं, आणि परीक्षेत बालपणाविषयी बोलायचं होतं.

"एकदा गाऊन संपलं, ते 'कान्तो'," पडद्यावरून शिकवणाऱ्या मोकाशी मॅडम म्हणाल्या. "पण रोजचं, कधी सुरू झालं नि कधी थांबलं याचा पत्ताच नाही, ते 'कान्ताबा'."

"म्हणजे आपलं 'गायची'."

"अगदी! आता एखादी किरकोळ आठवण द्या. गात जाणारा भंगारवाला चालेल. जिवाजवळची नको हं. मुरलेलं मीठ परत काढता येत नाही, बाई."

'खेळायची'ला चारुतानं शाळेचं मैदान दिलं होतं, 'पळायची'ला गल्लीतलं कुत्रं. पण भंगारवाला काही केल्या आठवेना. पाळण्यात चुळबुळ सुरू झाली. तासाची पाचच मिनिटं उरली होती. तिनं डोळे मिटले, आणि आईच आली.

पाय पसरून बसलेली आई. पायांवर धाकटा भाऊ. वाटीतलं कोमट तेल चिमूटचिमूट त्याच्या मऊ टाळूवर जिरवत ती गुणगुणायची, 'तेल प्याली टाळू, झोप आली हळू...' तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. तो आवाज कुठे साठवलेला नव्हता. होता तो फक्त चारुतापाशी.

टिकली हलकेच ऊबदार झाली. 'कान्ताबा' मुरला होता.

परीक्षेत ती आईबद्दल इतकं सहज बोलली, की परीक्षक बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

"पास! अगं, वेडे, पास!" सुजय फोनवर ओरडला. "पाळणा बांधायला घेतो आता."

दुसऱ्या दिवशी न्हाणं झाल्यावर चारुता पाय पसरून बसली. लेकीच्या टाळूवर तेल ठेवलं. चाल आली, तशीच डुलत आली. शब्द मात्र आले ते 'दुएर्मे, दुएर्मे...' असे, म्हणजे 'नीज, नीज'. दचकून तिनं डोळे मिटले. तीच आई, तीच वाटी, तेच बांगड्यांचं किणकिणणं. आईच स्पॅनिशमध्ये गात होती, अगदी मायेनं, जन्मभर तेच गात आल्यासारखी.

चारुताचे हात थांबले. मराठी ओळ ओठांवर येईना.

"अं!" लेकीनं पाय झाडले. थांबलेलं तिला चालणार नव्हतं.

चारुता पुन्हा गाऊ लागली, जे येत होतं तेच. टाळू तिच्या बोटांखाली हळूहळू धडधडत होती. लेकीचे डोळे जड झाले.

एक दिवस ही मोठी होईल आणि कुणाला तरी सांगेल, माझी आई गायची. तेव्हा तिच्या मनात जी गात असेल, ती नेमकी कोण असेल?